मतपत्रिकेवरील जमाखर्च

फ्रेझ्नो शहराच्या दक्षिणेस सॅन होआकिनच्या खोऱ्यात द्राक्षबागांचा जो विस्तीर्ण पट्टा पसरला आहे, त्यातील एका लहान गावच्या सार्वजनिक दवाखान्यात मी माझ्या उमेदीची बहुतेक वर्षे हिशेबनीस म्हणून काढली. मी मूळची तासगावची. बेदाण्याच्या वासात वाढलेली मुलगी लग्न होऊन कॅलिफोर्नियात आली आणि पुन्हा बेदाण्याच्याच मुलखात स्थिरावली, हा योग मला पहिल्यापासून सुखावणारा वाटला. आमच्याकडे द्राक्षे शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत सुकवितात, इकडे वेलींच्या दोन ओळींमध्ये जमिनीवर कागद अंथरून सप्टेंबरच्या उन्हात पसरतात, एवढाच फरक. माझे वडील सांगली जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात नोकरीस होते. आरोग्य केंद्रांची देयके त्यांच्या मेजावरून जात, आणि एखाद्या केंद्राची जीप डिझेलच्या तरतुदीअभावी उभी असताना त्याच केंद्राच्या दुसऱ्या एखाद्या सदरात रक्कम पडून आहे, असे आढळले म्हणजे ते घरी येऊन फार अस्वस्थ होत. एका सदरातील पैसा दुसऱ्या सदरात वळवायचा तर वरून मंजुरी आणावी लागे, आणि मंजुरी हाती येईपर्यंत पावसाळा सरलेला असे. रक्कम किती मंजूर झाली हे विचारण्याआधी ती कोणत्या सदरात पडली याची चौकशी करावी, अशी त्यांची शिकवण होती. कॅलिफोर्नियाच्या मतदारांपुढे दवाखान्यांच्या खर्चाविषयी जे प्रस्ताव गेल्या काही वर्षांत आले, त्यांच्याकडे मी याच शिकवणीच्या आधाराने पाहत आले. आणि त्या ओघात जे पाहिले, जे अनुभवले, ते येथे लिहिते आहे.

ज्या प्रकारच्या दवाखान्यात मी काम केले त्यांचा उगम १९६५ सालचा. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध जी मोहीम उघडली होती, तिच्या निधीतून डॉ. जॅक गायगर आणि डॉ. काउंट गिब्सन यांनी एक दवाखाना बॉस्टन शहरातील कोलंबिया पॉइंट या गरिबांच्या वसाहतीत आणि दुसरा मिसिसिपी राज्यातील माउंड बायू या कृष्णवर्णीयांच्या गावी उभा केला. मिसिसिपीतील कापसाच्या मुलखात उपासमारीने खंगलेली मुले दवाखान्यात येऊ लागली, तेव्हा तेथील डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून देण्यास आरंभ केला. गावातील दुकानदारांनी ते पुरवावे आणि त्याची रक्कम दवाखान्याच्या औषधखात्यावर टाकावी, अशी व्यवस्था झाली. वरिष्ठांनी यास हरकत घेतली, त्यावर डॉ. गायगर यांनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे: वैद्यकाच्या ग्रंथांत कुपोषणावर अन्न हाच उपचार सांगितलेला आहे, असे त्यांनी कळविले. औषधाच्या सदरात अन्नाला जागा करून देणाऱ्या त्या हिशेबाला मी मनोमन नेहमीच नमस्कार करीत आले. आज या परंपरेतील सुमारे १,४०० संस्था देशभर तीन कोटींहून अधिक लोकांची देखभाल करतात. ऐपत नाही म्हणून कोणास परत पाठवावयाचे नाही, आकार कुटुंबाच्या उत्पन्नाच्या मानाने घ्यावयाचा, आणि संस्थेच्या नियामक मंडळात निदान ५१ टक्के सभासद त्याच दवाखान्याचे रुग्ण असले पाहिजेत, हे त्यांच्यावरील मुख्य कायदेशीर निर्बंध. या तिसऱ्या निर्बंधाचे मोल मला फार उशिरा कळले. त्याविषयी पुढे सांगेन.

अशा दवाखान्याच्या उत्पन्नाच्या बाजूला तीन रकमा मोठ्या असतात. एक संघराज्य सरकारचे अनुदान. दुसरी मेडी-कॅल या राज्याच्या गरिबांसाठीच्या विमायोजनेकडून दर भेटीमागे मिळणारी ठरावीक रक्कम. आणि तिसरी, जिच्याविषयी बाहेरच्या माणसास क्वचितच ठाऊक असते ती, औषधांच्या सवलतीतून उरणारी. १९९२ साली झालेल्या एका संघीय कायद्याप्रमाणे अशा दवाखान्यांना औषध कंपन्या पुष्कळ कमी भावाने औषधे विकतात, आणि विमा देणाऱ्याकडून नेहमीच्या दराने पैसे आले की मधला फरक दवाखान्यापाशी राहतो. खर्चाच्या बाजूची रचना याहून गुंतागुंतीची. डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य यांचे वेतन आणि औषधे हे उघडउघड रुग्णसेवेच्या सदरात पडतात, त्याविषयी कोणाचा तंटा नसतो. परंतु आमच्याकडे एक दुभाषी बाई होत्या, त्या ओआहाकाच्या डोंगरांतून आलेल्या मिश्तेक मजुरांची भाषा जाणत. एक वाहनचालक होते, ते पहाटे पाचपासून बागांच्या वस्त्यांवर गाडी फिरवीत. आणि समोरच्या खिडकीत मेडी-कॅलचे अर्ज भरून देणारी एक मुलगी बसे. यांच्यापैकी कोणाच्याही कामाचे स्वतंत्र देयक मेडी-कॅलकडे पाठविता येत नसे, कारण भेट मोजली जाई ती डॉक्टरांच्या खोलीतील. त्यांचे वेतन काढावयाचे ते त्या तिसऱ्या रकमेतून, औषधांच्या फरकातून. आणि ताळेबंद मांडताना त्यांना कोठे बसवावयाचे, हा प्रश्न दरवर्षी तपासनीस आले की नव्याने निघे. एखाद्या वर्षी ते साहाय्यक सेवेत बसत, एखाद्या वर्षी प्रशासनात.

हा प्रश्न कागदावरचा नव्हे हे मला एका बाईमुळे स्पष्ट दिसले. ती द्राक्षे खुडणारी मजूर होती, पोटुशी होती, तिला मधुमेह होता, आणि तिला स्पॅनिश येत असेल या समजुतीने तिला दिलेला सूचनांचा कागद तिने घडी करून जपून ठेवला होता. वाचता तो तिला येत नव्हता, आणि ऐकून समजली असती ती भाषाही ती नव्हती. ठरलेल्या तारखा तिने चुकविल्या, तेव्हा तिच्या नावापुढे बेफिकीर असल्याचा शेरा पडला. पुढे आमच्या दुभाषी बाईंनी चालकाबरोबर तिच्या वस्तीवर जाऊन तिला सगळे समजावून दिले, ती त्याच गाडीत बसून दवाखान्यात येऊ लागली, आणि तिचे बाळ सुखरूप जन्मले. त्या महिन्याच्या खतावणीत डॉक्टरांनी तिला तपासले तो वेळ रुग्णसेवेत जमा झाला. तिला डॉक्टरांपर्यंत आणणारे मैल आणि शब्द मात्र इतर खर्चात गेले. खर्च मीच लिहिला होता, नियमाप्रमाणे लिहिला होता, आणि तरीही तो कागद पुढे ठेवताना मनाला समाधान नव्हते.

आता मतपत्रिकेकडे येते. कॅलिफोर्नियात १९११ सालापासून, हायरम जॉन्सन गव्हर्नर असताना झालेल्या घटनादुरुस्तीने, नागरिकांना स्वतःच कायदा मांडण्याचा अधिकार आहे. मागील गव्हर्नरच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या पाच टक्के इतक्या सह्या मिळविल्या की कोणत्याही कायद्याचा मसुदा थेट मतदारांपुढे जातो. आणि तो संमत झाला की मसुद्यातच सवड ठेवली नसेल तर विधिमंडळास पुन्हा मतदारांची अनुमती घेतल्यावाचून त्यात एक अक्षर बदलता येत नाही. निवडणुकीपूर्वी घरोघर एक जाड पुस्तिका येते. तीत प्रत्येक प्रस्तावाचा सारांश, विधिमंडळाच्या विश्लेषक कार्यालयाने केलेली तटस्थ छाननी, दोन्ही पक्षांचे म्हणणे आणि त्यावरील खंडन हे सर्व दिलेले असते. अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यानंतर ही पुस्तिका प्रथम हाती पडली तेव्हा मी भारावून गेले होते. राज्याचा जमाखर्च सामान्य माणसाच्या स्वयंपाकघरातील मेजावर येऊन पडावा, हे दृश्य वडिलांना पाहावयास मिळावयास हवे होते असे मला वाटले. आजही त्या पुस्तिकेविषयी माझ्या मनात आदर आहे, आणि पुढे जे लिहीत आहे ते त्या आदरासकट वाचावे.

२०१८ च्या नोव्हेंबरात आठव्या क्रमांकाचा प्रस्ताव आला. मूत्रपिंडे निकामी झालेल्यांचे रक्त यंत्राने शुद्ध करून देणारी जी डायलिसिस केंद्रे आहेत, त्यांच्या उत्पन्नावर मर्यादा घालावी असा त्याचा आशय होता: प्रत्यक्ष रुग्णसेवा आणि तिची गुणवत्ता वाढविणे यांवर जो खर्च होईल त्याच्या ११५ टक्क्यांहून अधिक उत्पन्न झाल्यास वरची रक्कम खासगी विमाकंपन्यांस परत करावी. प्रस्ताव मांडला होता आरोग्य कर्मचाऱ्यांच्या एका बलाढ्य संघटनेने, आणि विरोधात उभ्या होत्या राज्यातील सुमारे तीनचतुर्थांश केंद्रे चालविणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या. विरोधी बाजूने अकरा कोटी डॉलरांच्या वर पैसा ओतला. एका प्रस्तावाच्या एका बाजूवर तोवर या राज्यात इतका खर्च झाला नव्हता.

आमच्या यजमानांचे एक वडीलधारे स्नेही, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणत असू, त्या काळात आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात. मुलगा परगावी असे, म्हणून त्यांना नेण्या-आणण्याचे काम पुष्कळदा माझ्याकडे येई. यंत्रावर चार तास पडून राहावयाचे, समोर दूरचित्रवाणी लावलेली, आणि तिच्यावर दर थोड्या वेळाने हीच जाहिरात: तुमच्यासारखाच एक रुग्ण सांगतो आहे की हा प्रस्ताव संमत झाला तर केंद्रे बंद पडतील आणि माणसे मरतील. निवृत्त प्राध्यापक, आयुष्यभर शांत वृत्तीने राहिलेला माणूस; पण एके दिवशी हाताला नळ्या लावलेल्या असतानाच त्यांनी मला विचारले, "वहिनी, तुम्ही हिशेबातल्या आहात म्हणून विचारतो. उद्या हे केंद्र खरोखरच बंद झाले तर मी जायचे कुठे? आणि बंद होणार नसेल, तर मला इतके घाबरवतात कशाला?"

त्या रात्री मी पुस्तिका उघडून विश्लेषक कार्यालयाची छाननी ओळीने वाचली. दोन गोष्टी ध्यानात आल्या. अण्णांचा बहुतेक खर्च मेडिकेअर ही संघ सरकारची मुख्यतः वृद्धांसाठीची विमायोजना देत होती. मूत्रपिंडाच्या रोग्यांना वयाचा विचार न करता मेडिकेअरचे संरक्षण देणारा कायदा १९७२ साली झाला, त्यायोगे या देशात हा महागडा उपचार गरिबालाही मिळू लागला. पण परतावा सरकारी विमायोजनांस लागूच नव्हता, तेव्हा अण्णांच्या किंवा मेडिकेअरच्या पदरात एक छदामही पडणार नव्हता. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटली. रुग्णसेवेच्या सदरात कर्मचाऱ्यांचे वेतन धरावयाचे ते व्यवस्थापकीय नसलेल्या आणि प्रत्यक्ष सेवा देणाऱ्यांचेच, असे मसुदा म्हणत होता. आणि संघीय कायद्याप्रमाणे प्रत्येक केंद्रात वैद्यकीय संचालक व परिचारिकांची प्रमुख असणे तर बंधनकारक आहे. या दोघांचे वेतन सेवेत धरावयाचे की नाही, हे निश्चित सांगता येत नाही, असे खुद्द विश्लेषकांनी नमूद केले होते. अर्थ उदार लावला तर केंद्रे चालू राहतील, संकुचित लावला तर काही केंद्रांना काम कमी करावे लागेल वा बंद करावे लागेल आणि रोग्यांना रुग्णालयांकडे धाव घ्यावी लागेल, असा त्या छाननीचा मथितार्थ. अण्णांना मी हेच सांगितले: जाहिरातीत सांगतात तितके निश्चित काही नाही, पण तुमचे केंद्र राहील की जाईल हे ज्या एका गोष्टीवर अवलंबून आहे, ती कोणी मतदाराला विचारलेलीच नाही.

मी त्या प्रस्तावाच्या विरुद्ध मत दिले. कंपन्यांचा नफा मला मान्य होता असे मुळीच नाही. रोग्याच्या शरीरावर उभा राहिलेला इतका नफा हा शासनाने लक्ष घालण्याचाच विषय आहे. परंतु एकदा मुक्रर झालेली टक्केवारी, आणि ती टक्केवारी कशाची हे ठरविणारी संदिग्ध व्याख्या, ही दोन्ही एकदम कायद्यात कोरून ठेवणे मला धोक्याचे वाटले. प्रस्ताव सुमारे ६० टक्के मतांनी पडला. केंद्रांत डॉक्टर किंवा तत्सम परवानाधारक हजर असलाच पाहिजे अशा आशयाचे आणखी दोन प्रस्ताव त्याच संघटनेने २०२० आणि २०२२ मध्ये आणले, तेही पडले, आणि दोन्ही वेळा यंत्रावर पडलेल्या माणसांना पुन्हा तेच भय दाखविण्यात आले. २०२२ चा प्रस्ताव आला तेव्हा अण्णा हयात नव्हते. आजारी माणसाला प्रचाराचे साधन करण्याच्या या रीतीची मला जी चीड आली ती आजही गेलेली नाही.

दरम्यान आमच्या स्वतःच्या दवाखान्यावर आघात झाला तो मतपत्रिकेने नव्हे, सरकारी हुकमाने. २०२२ च्या १ जानेवारीपासून मेडी-कॅलची सर्व औषधे विमाकंपन्यांऐवजी थेट राज्यामार्फत देण्याची पद्धत सुरू झाली. दवाखान्यांना औषधाची खरेदी-किंमत आणि ते देण्याचा ठरावीक आकार एवढेच मिळू लागले आणि मधला फरक संपला. राज्याच्या बाजूने पाहता यात तथ्य होते, कारण एकगठ्ठा घासाघीस करून औषधे स्वस्त मिळविता येतात. राज्याने भरपाईदाखल काही रक्कम वेगळी काढली, हेही खरे. पण आमच्या खतावणीत तो फरक म्हणजे दुभाषी, चालक आणि खिडकीतली ती मुलगी. कोणाचे तास कमी करावयाचे याची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. गाडीच्या पहाटेच्या फेऱ्या कमी झाल्या. पुढच्याच वर्षी, महासाथीच्या काळात स्थगित ठेवलेले मेडी-कॅलचे वार्षिक नूतनीकरण पुन्हा सुरू झाले, पात्र असूनही केवळ कागद वेळेवर न पोचल्यामुळे विम्यातून नावे कमी झालेली कुटुंबे खिडकीशी येऊ लागली, आणि तेव्हाच खिडकीतल्या मुलीचा अर्धा दिवस आम्ही काढून घेतलेला होता.

२०२४ च्या पुस्तिकेत चौतिसावा आणि पस्तिसावा असे दोन प्रस्ताव लागोपाठ आले, आणि त्या दोहोंनी मिळून जे शिकविले ते कोणत्याही पाठ्यग्रंथात मला सापडले नसते. चौतिसाव्याचा मथळा पाहिला तर औषधांच्या सवलतीतून मिळणाऱ्या उत्पन्नाचा ९८ टक्के भाग काही संस्थांनी प्रत्यक्ष रुग्णसेवेवरच खर्च करावा, एवढेच दिसे. आमच्या दवाखान्यातील पुष्कळांना वाटले की हे आपल्यावरच आले. मसुदा बारकाईने वाचल्यावर उलगडा झाला. दहा वर्षांत दहा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम रुग्णसेवेबाहेर खर्च केलेली, आणि शिवाय गंभीर त्रुटी नोंदविल्या गेलेल्या भाड्याच्या इमारती चालविणारी संस्था, अशा अटी त्यात होत्या, आणि त्या एकट्या एड्स हेल्थकेअर फाउंडेशनला लागू पडतील असाच सर्वांचा अंदाज होता. ही संस्था भाडेनियंत्रणाचे प्रस्ताव पुनःपुन्हा मतदारांपुढे आणीत होती. २०१८, २०२० आणि त्याच २०२४ सालीही. आणि चौतिसाव्या प्रस्तावाचा प्रवर्तक होता इमारत-मालकांचा राज्यव्यापी संघ. घरभाड्याच्या लढाईसाठी दवाखान्याच्या खर्चाचे शस्त्र केलेले होते. त्याच मसुद्याच्या पोटात आणखी एक कलम होते, ज्याची जाहिरातींत फारशी वाच्यता झाली नाही: मेडी-कॅलच्या औषधांची ती नवी पद्धत त्याने कायम करून टाकली. आमच्या चालकाच्या फेऱ्या ज्या हुकमाने कमी झाल्या, तो आता मतदारांनी संमत केलेला कायदा होणार होता, आणि हे माझ्या शेजाऱ्यांपैकी कोणासही ठाऊक नव्हते. प्रस्ताव ५१ टक्क्यांच्या आसपास मते मिळवून निसटता संमत झाला. मी विरुद्ध मत दिले होते.

पस्तिसाव्याच्या बाजूने मात्र मी मत दिले, आणि तेही जड मनाने. विमाकंपन्यांवरील जो कर मेडी-कॅलला पैसा पुरवितो तो कायम करावा आणि त्यातून डॉक्टर, रुग्णालये, दवाखाने यांचे दर वाढवावे, असे त्यात होते. शेजारच्या मडेरा जिल्ह्यातील प्रौढांचे एकमेव सर्वसाधारण रुग्णालय २०२३ च्या प्रारंभी बंद झालेले आम्ही पाहिले होते. ते २०२५ मध्ये पुन्हा उघडले, पण मधल्या काळात तेथील रोगी फ्रेझ्नोच्या रुग्णालयांच्या दारात तासन् तास तिष्ठत बसत. मेडी-कॅलचे दर अपुरे असणे हे त्या बंद पडण्याच्या कारणांपैकी एक म्हणून सर्वत्र बोलले जात होते. तेव्हा दरवाढीस नकार देणे मला शक्यच नव्हते. परंतु राज्याच्या त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात याच करातून घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविकांचे दर वाढविण्याची, आणि पाच वर्षांखालील मुलांचा विमा मध्येच खंडित होऊ न देण्याची जी तरतूद योजिली होती, ती प्रस्ताव संमत झाल्यास गळावयाची होती, कारण प्रस्तावाने पैशाचे वाटे स्वतःच पाडून ठेवले होते आणि त्या वाट्यांत यांचे नाव नव्हते. मतपत्रिकेवर होय आणि नाही असे दोनच रकाने असतात. आरोग्यसेविकांसकट होय, असा तिसरा रकाना असता तर मी तोच भरला असता. सुमारे ६८ टक्के मतांनी प्रस्ताव संमत झाला. पुढे जुलै २०२५ मध्ये झालेल्या संघीय कायद्याने अशा करांच्या रचनेवरच निर्बंध आणले, आणि वाटे पाडून ठेवलेल्या त्या पैशाचा मूळ झरा किती काळ वाहील याची विवंचना आमच्यासारख्या दवाखान्यांस लागली.

मी त्या सुमारास निवृत्त झाले होते. मेडिकेअर मिळू लागल्यापासून मी स्वतः त्याच दवाखान्यात रुग्ण म्हणून जाते, आणि रुग्ण म्हणूनच मला नियामक मंडळावर घेण्यात आले. तेथे बसल्यावर ५१ टक्क्यांच्या त्या निर्बंधाचे मोल मला उमगले. माझ्या शेजारी बेदाण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या एक मेक्सिकन बाई बसतात, पलीकडे एक वयोवृद्ध सरदारजी, आणि त्यांच्या पलीकडे एक ह्मोंग आजी, नातीला दुभाषी म्हणून बरोबर आणणाऱ्या. ताळेबंद पुढे आला की हे लोक मी हिशेबनीस असताना कोणत्याही तपासनीसाने विचारले नाहीत असे प्रश्न विचारतात: दंतवैद्याची खोली मंगळवारी रिकामी का असते, फोन उचलणाऱ्यांची संख्या का घटली, मुख्याधिकाऱ्यांचा पगार कोणी व कसा ठरविला. या शेवटच्या प्रश्नावर त्या मेक्सिकन बाईंनी एकदा सर्वांना बराच वेळ धारेवर धरले होते, आणि मला त्यांचा अभिमान वाटला होता.

२०२५ साली आरोग्य कर्मचाऱ्यांच्या त्याच संघटनेने नवा प्रस्ताव पुढे आणला. सार्वजनिक दवाखान्यांनी आपल्या उत्पन्नाचा निदान ९० टक्के भाग सेवाकार्यावर खर्च केला पाहिजे, असा त्याचा गाभा. या वेळी बाण नेमका आमच्यासारख्यांवर होता. किराणा दुकानाच्या दारात सह्या गोळा करणाऱ्या एका तरुणाने मला अडविले. दवाखान्यांचा पैसा रोग्यांवर खर्च व्हावा असे आपल्याला वाटत नाही का, असे त्याने विचारले. वाटते, असे मी म्हणाले, आणि मग त्याच्यापाशी उभी राहून मी त्याला वाहनचालकाची गोष्ट सांगितली. त्याने ती खरोखर मन लावून ऐकली. त्याची आई संधिवाताची रोगी, तीही अशाच एका दवाखान्यात जाते आणि तिला नेणारी गाडी बंद झाली आहे, हे त्यानेच आपण होऊन सांगितले. मग त्याने विचारले की चालकाला सेवेत धरावे असे मसुद्यात लिहून घेतले तर आपण सही कराल का. प्रश्न रास्त होता. मी त्याला म्हणाले की चालक धरला तर दुभाषी राहून जाईल, दुभाषी धरला तर अर्ज भरणारी राहून जाईल, आणि पाच वर्षांनी अशी एखादी गरज निघेल जी आज मला वा तुला सुचणारही नाही. ती आत घेण्यासाठी पुन्हा साऱ्या राज्यात सह्या गोळा करीत फिरावे लागेल. सही मी केली नाही. पण संघटनेचे म्हणणे अगदीच निराधार आहे असेही मी त्याला सांगितले नाही, कारण ज्या संस्थांत रुग्णांचे मंडळ नावापुरते उरले आहे तेथे पैसा वरच्या मजल्यावर मुरतो, हे हिशेबात आयुष्य घालविलेल्या माणसाला दिसल्यावाचून राहत नाही. त्या संस्थांची मंडळे जागी करण्याचा, त्यांचे ताळेबंद स्पॅनिशमध्ये, मिश्तेकमध्ये, पंजाबीत रोग्यांपुढे मोठ्याने वाचून दाखविणे सक्तीचे करण्याचा प्रस्ताव कोणी आणला, तर त्यासाठी मी स्वतः भर उन्हात सह्या गोळा करीत उभी राहीन.

आमच्या मंडळापुढे हा विषय निघाला तेव्हा व्यवस्थापकांनी एक तक्ता आणला होता: नव्वद टक्क्यांची अट लागू झालीच तर आमचे कोणते सदर आत बसेल आणि कोणते बाहेर पडेल. चालकाविषयी एकमत झाले. दुभाषी बाईंविषयीही झाले. खिडकीतल्या मुलीवर मात्र गाडे अडले, कारण हिशेब तपासणाऱ्या पेढीचे मत ती प्रशासनात पडते असे होते, आणि सरदारजींचे म्हणणे असे की तिने अर्ज भरून दिला नसता तर ते स्वतः आज या बैठकीत हजरच नसते. दोन बैठका झाल्या, निर्णय झाला नाही. मग बेदाण्याच्या कारखान्यातल्या त्या बाईंनी सुचविले की सुगीच्या दिवसांत मंडळाच्या सभासदांनी आळीपाळीने प्रतीक्षागृहात बसावे, आणि आलेला प्रत्येक रोगी येथवर कोणाच्या मदतीने पोचला हे त्यालाच विचारून लिहून घ्यावे; तो कागद पेढीपुढे ठेवू, आणि वेळ आली तर राज्यापुढेही. सूचना एकमताने संमत झाली. नोंदवहीचे रकाने आखून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे, आणि शेवटचा रकाना मी मुद्दाम रुंद ठेवला आहे, कारण लोक सांगतील ते कोणत्या सदरात बसेल हे आधीच ठरवून ठेवण्याची माझी इच्छा नाही.